टेबलाखालचा बाँब

रहस्यपट पाहायला जाणाऱ्या माणसाला खरा धोका पडद्यावरच्या खुन्यापासून नसतो. तो असतो मागच्या रांगेत बसलेल्या, तोच सिनेमा दुसऱ्यांदा पाहणाऱ्या गृहस्थापासून. नायिकेच्या काकाचा आपल्याला नुकता कुठे संशय येऊ लागलेला असतो, तोच हा सद्गृहस्थ बायकोच्या कानात, पण सबंध बाल्कनीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, "काका नाही गं, डॉक्टर!" संपलं. तिकिटाचे पैसे पाण्यात.

या जमातीला बेकार केलं ते आल्फ्रेड हिचकॉकने. गुपित फोडायचं काम त्याने स्वतःकडेच घेतलं. 'रोप' (१९४८) मध्ये पहिल्याच प्रसंगात खून होतो, प्रेत पेटाऱ्यात जातं आणि त्याच पेटाऱ्यावर बश्या मांडून खुनी पाहुण्यांना जेवायला वाढतात. पाहुण्यांत मेलेल्या मुलाचे वडीलसुद्धा असतात. 'व्हर्टिगो' (१९५८) मध्ये तर शेवट बराच लांब असताना नायिका सगळं कारस्थान कागदावर लिहून काढते आणि कागद फाडून टाकते. कळतं फक्त आपल्याला. नायक बिचारा कोराच.

मग पाहायला उरलं काय? याचं उत्तर हिचकॉकने १९६२ साली फ्रांस्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मॅरेथॉन मुलाखतीत आहे. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि एकदम बाँब फुटतो. आपण दचकतो, पण किती वेळ? काही सेकंद. आता टेबलाखाली बाँब आहे आणि तो एक वाजता फुटणार आहे, हे आपल्याला आधीच सांगा. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण झालेला दाखवा. मग त्या दोघांना खुशाल हवापाण्याच्या गप्पा मारू द्या. आपण पंधरा मिनिटं खुर्चीच्या कडेवर! 'अरे बाबांनो, खाली वाका,' असं ओरडावंसं वाटतं.

पण हे झालं तंत्र. या माणसाचा खरा चावटपणा पुढेच आहे. गुपित सांगता सांगता तो आपल्याला हळूच कटात सामील करून घेतो. 'सायको' (१९६०) मधला नॉर्मन बेट्स आठवा. न्हाणीघरात खून झालाय. हा पोरगा बादली-फडकं घेऊन फरशी अशी लख्ख करतो, की कुठल्याही गृहिणीने कौतुक करावं. मग प्रेतासकट मोटार दलदलीत ढकलतो. मोटार बुडू लागते... आणि मध्येच थांबते. त्या क्षणी आपण, म्हणजे आयुष्यात विनातिकीट बसमध्येही न बसलेली माणसं, मनातल्या मनात म्हणतो, "बुड की लेका!" 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१) मध्येही तेच. निरपराध नायकाला अडकवायला लागणारा लायटर खुन्याच्या हातून गटारात पडतो. तो जाळीतून हात घालतो आणि बोटं ताणतो. ती बोटं पुरावीत म्हणून ताणले जातो आपण!

हा लंडनच्या भाजीवाल्याचा मुलगा, जन्म १८९९ चा. लहानपणी वडिलांनी चिठ्ठी देऊन पोलीसचौकीत पाठवलं आणि तिथे आपल्याला काही मिनिटं कोंडून ठेवलं, ही गोष्ट तो जन्मभर सांगत असे. खरी असो वा रचलेली, पोलिसाला पाहून सज्जनाच्याच पोटात गोळा येतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भीती दाखवायला त्याला भुताटकीचा वाडा लागायचाच असं नाही. 'सस्पिशन' (१९४१) मध्ये नवरा बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन जिना चढतो, एवढंच. पेल्यात दिवा लपवून दूध चमकवलंय. त्यानंतर रात्रीचं दूध निवांतपणे घशाखाली उतरत नाही.

नक्कल करणाऱ्यांनी उचलला तो नेमका सुरा. 'सायको'तला न्हाणीघरातला खून पाऊण मिनिटाचा, पण चित्रीकरणाला सात दिवस लागले. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप, वर बर्नार्ड हरमनची किंचाळणारी व्हायोलिनं. ती व्हायोलिनं पुढे इतक्यांनी वाजवली, की विचारू नका! आपल्याकडच्या 'कोहरा' (१९६४) ने 'रिबेका'ची गोष्ट घेतली. म्हणजे ज्यात गुपित शेवटापर्यंत पोटात ठेवलंय, तोच हिचकॉक आपल्या वाट्याला आला. ऑस्करवाल्यांचीही तीच तऱ्हा. उत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालं 'रिबेका'ला (१९४०), आणि दिग्दर्शनासाठी पाच नामांकनं होऊन स्वतः हिचकॉक शेवटपर्यंत कोरडाच. खरा धडा गिरवला स्पीलबर्गने. 'जॉज' (१९७५) मध्ये पाण्याखाली कोण आहे ते आपल्याला ठाऊक, वर पोरं डुंबताहेत. हाच तो टेबलाखालचा बाँब.

हिचकॉक १९८० साली गेला. २०१२ साली जगभरच्या समीक्षकांनी 'व्हर्टिगो'ला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. गोष्ट कसली, तर एक पुरुष एका बाईचे केस, कपडे, चाल सगळं आपल्या मनाजोगतं बदलायला लावतो. 'द बर्ड्स'ची (१९६३) नायिका टिप्पी हेड्रन हिने २०१६ साली आत्मचरित्रात लिहिलं, की हिचकॉकने तिच्यावर लैंगिक जबरदस्ती केली. त्या सिनेमात माळ्यावरच्या प्रसंगासाठी तिच्या अंगावर पाच दिवस खरे पक्षी सोडले होते, हेही तिनेच सांगितलंय. तो प्रसंग आता पाहवत नाही, आणि नजरही हटत नाही. खोलीत अंधार आहे, वर फडफड ऐकू येतेय, टॉर्च घेऊन ती जिना चढतेय, आणि दाराआड काय आहे ते आपल्याला तिच्याआधी ठाऊक आहे.