उद्योगपर्वातला ‘उद्योग’

आपल्या मराठी बोलण्यात ‘उद्योग’ म्हणजे कामधंदा आणि ‘नसता उद्योग’ म्हणजे नको तेथे घातलेला हात. महाभारताच्या पाचव्या पर्वाच्या नावात हा शब्द आला आहे तो मात्र सिद्धतेच्या, कंबर कसण्याच्या अर्थाने. ज्यात युद्धाची तयारी होते ते उद्योगपर्व, एवढे आपण सर्वांनी लहानपणीच ऐकलेले असते. पण हे पर्व सलग वाचू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते आणि ती मग मनातून जात नाही. तयारीचे नाव मिरविणाऱ्या या पर्वाचा मोठा भाग तहाच्या बोलण्यांनी व्यापलेला आहे. दूत जातात, दूत येतात. सभा भरतात आणि मोडतात. झोप उडालेल्या धृतराष्ट्राला विदुर रात्रभर नीती सांगत बसतो. सैन्याची मोजदाद त्या मानाने थोडकीच.

शांतता हवी असेल तर युद्धाची तयारी ठेवावी, हा विचार रोमन लेखक व्हेजेशियस याच्या नावावर सांगितला जातो. आपल्याकडे त्याच्या पुष्ट्यर्थ हटकून कृष्णशिष्टाईचा दाखला देतात. पाठीशी सात अक्षौहिणी उभ्या होत्या म्हणून कृष्णाच्या शब्दाला वजन होते, असा तो युक्तिवाद. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. उरलेले अर्धे उद्योगपर्वातच आहे, आणि कीर्तनांतून व नाटकांतून हे पर्व आपल्यापर्यंत पोहोचले तेव्हा नेमके तेच गळून पडले.

प्रारंभीचाच प्रसंग घ्या. अभिमन्यूचे लग्न आटोपले आहे आणि विराटाच्या सभेत पुढे काय करावे याचा खल चालू आहे. बलराम नरमाईचा सल्ला देतो, सात्यकी त्याच्यावर उसळतो आणि वृद्ध द्रुपद व्यवहाराचे बोलतो. राजांकडे आधी माणसे धाडा, कारण जो प्रथम विचारतो त्याच्याच बाजूला राजे जातात. आणि माझा पुरोहित हस्तिनापुरास पाठवा. म्हणजे सैन्याची जमवाजमव आणि तहाचे बोलणे ही दोन्ही कामे एकाच सल्ल्यातून निघतात. पण खरी मेख पुढे आहे. पुरोहिताला निरोप देताना द्रुपद त्याला सांगतो की, तुझ्या धर्माच्या बोलण्याने भीष्म, द्रोण, कृप यांची मने दुभंगतील, त्यांना पुन्हा एकत्र आणण्यात कौरवांचा वेळ जाईल, आणि तेवढ्यात आपले सैन्य निवांतपणे उभे राहील. शांतीचा पहिला दूत निघतो तो असा, तयारीचा एक भाग म्हणून. व्यासांनी हे झाकलेले नाही. झाकले आपण.

कौरवांकडून उत्तरादाखल संजय येतो तेव्हा दुसरी बाजू दिसते. तो फार गोड बोलतो. युद्ध वाईट, कुलक्षय वाईट. राज्य मिळत नसेल तर अंधक-वृष्णींच्या देशात भिक्षा मागून राहणे युधिष्ठिराला अधिक शोभेल, असेही सुचवितो. देण्याची भाषा मात्र त्याच्या निरोपात कोठेच नाही. ज्याच्या हाती सर्व आहे त्याने ज्याच्या हाती काही नाही त्याला शांततेचा उपदेश करावा, याइतके स्वस्त काही नसते. निःशस्त्र शांततेवर आमचा विश्वास बसत नाही तो अशा जागा वाचल्यामुळे. पांडवांमागे सैन्य नसते तर संजय आलाच नसता, हे मान्य करावे लागते.

येथवर व्हेजेशियसचे बरोबर. पण त्याच संजयाबरोबर युधिष्ठिर जो निरोप परत पाठवितो त्याकडे पाहावे. आमचा वाटा द्या. तो नसेल देववत तर पाच भावांना पाच गावे द्या. चार गावांची नावे तो घेतो आणि पाचवे दुर्योधनाच्या मर्जीवर सोडतो! सैन्य वाढत चालले असताना मागणी घटत जाते. इंद्रप्रस्थावरून पाच गावांवर आलेला हा उतार आम्हांस साऱ्या पर्वाचा कणा वाटतो. पुढे कृष्ण निघण्यापूर्वी भीमदेखील मवाळ बोलतो, तेव्हा पर्वत हलका झाला, अग्नी थंड झाला अशी कृष्ण त्याची थट्टा करतो. द्रौपदी आपले केस पुढे धरून त्याला सभेची आठवण देते, आणि तिचा संताप रास्तच आहे. पाच गावांच्या हिशेबात तिच्या अपमानाला जागा नव्हती. तरी मागणी वाढत नाही.

दुर्योधनाकडे अकरा अक्षौहिणी. एका अक्षौहिणीत 21,870 रथ, तितकेच हत्ती, 65,610 घोडे आणि 1,09,350 पायदळ, असे गणित ग्रंथच देतो. एवढी सिद्धता असलेला माणूस निर्भय असायला हवा, उदार असायला हवा. घडते उलटे. सुईच्या टोकाएवढीही जमीन देणार नाही हे त्याचे उत्तर आपल्या घरोघरी माहीत आहे, पण ते कशाच्या जोरावर आले हे पाहिले जात नाही. भीष्म, द्रोण, कर्ण आपल्या बाजूला आहेत, शत्रूचे सैन्य आपल्याहून कमी आहे, असे तो बापाला मोजून दाखवितो. त्याची मोजणी चुकलेली नाही. तयारीने एका पक्षाला बोलण्याची संधी दिली, तर दुसऱ्याला ऐकण्याची गरजच उरू दिली नाही.

हे लिहीत आहोत ते ग्वाल्हेरीत बसून, आणि महाभारताची चिकित्सा करणारे चिं. वि. वैद्य याच संस्थानात सरन्यायाधीश होते. तेव्हा आपल्या घरच्या इतिहासाला हा प्रश्न विचारणे गैर ठरू नये. महादजी शिंद्यांनी डी बॉईनकडून कवायती कंपू उभारविला म्हणून इंग्रज वचकून राहिले, असे आपल्या जुन्या घराण्यांत अभिमानाने सांगतात. त्यात तथ्य आहेच. पण तारखा लावून पाहाव्यात. ज्या सालबाईच्या तहाने मराठे-इंग्रज यांच्यात वीस वर्षे युद्ध थांबले तो 17 मे 1782 चा. डी बॉईन महादजींकडे आला तो त्यानंतर, 1784 मध्ये. तह झाला तेव्हा हा कंपू नव्हता. त्याच्या दोन वर्षे आधी तर आपला ग्वाल्हेरचा किल्लाच इंग्रजांनी रात्रीतून घेतला होता. वडगावला जिंकलेला आणि येथे हरलेला असा एक माणूस दोन्ही पक्षांचा जामीन म्हणून मध्ये उभा राहिला, आणि त्याचा शब्द दोन्ही पक्षांनी धरला.

कंपू पुढे वाढला. पाटण आणि मेडत्याला तो राजपुतांवर चालला, आणि 1793 मध्ये लाखेरीला होळकरांवर. होळकरांनीही ड्यूद्रनेककडून आपली पलटणे कवायत शिकविलेली होती. इंदूरच्या आणि ग्वाल्हेरच्या घराण्यांनी हे एकमेकांपुढे बोलायचे नाही असा जणू संकेत आहे; तो आम्ही येथे मोडतो. दोघांचीही तयारी उत्तम होती आणि ती एकमेकांवरच चालली. 1802 मध्ये हडपसरला ती पुन्हा चालली. पेशवा पळाला आणि वर्ष संपता संपता त्याने वसईचा तह केला. 1803 मध्ये शिंदे-भोसले इंग्रजांशी लढत होते तेव्हा होळकर बाजूला राहिले. पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला, कंपूतले इंग्रज अंमलदार कंपनीच्या जाहीरनाम्यासरशी निघून गेले. शिपाई मात्र गेले नाहीत. असईला तोफांशी आणि लासवारीला अंमलदारांवाचून ते असे लढले की शत्रूलाही वाखाणावे लागले. 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. तयारीत काही उणे होते असे कोणी म्हणू नये.

यावर कोणी म्हणेल, कंपू नसता तर 1803 हे 1790 लाच आले असते. तेही शक्य आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. पण भिंतीवरच्या तलवारीकडे बोट दाखवून ही असती तर शांतता राहिली असती असे म्हणणाऱ्याला एवढे तरी विचारता येईल की, ती होती तेव्हा आपण सोयऱ्यांकडे किती गावे मागत होतो.

पुन्हा ग्रंथाकडे. हस्तिनापुरात कृष्ण दुर्योधनाचे जेवण नाकारतो आणि विदुराघरी उतरतो. विदुर त्याला स्पष्टच विचारतो, येथे कोणी ऐकणार नाही, मग आलास कशाला? आपण समर्थ असून आवरले नाही असे लोकांनी म्हणू नये, आणि प्रामाणिक प्रयत्न फसला तरी त्याचे पुण्य बुडत नाही, असे कृष्णाचे उत्तर आहे. मराठीत ‘कृष्णशिष्टाई’ म्हणजे हटकून फसणारी मध्यस्थी असा अर्थ रूढ झाला, तो या उत्तराला न्याय देत नाही. शिष्टाई मोडते, त्याला बांधण्याचा बेत होतो, तो विश्वरूप दाखवून बाहेर पडतो. नाटके बहुधा येथे पडदा पाडतात.

व्यास पाडत नाहीत. परतताना कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि त्याचे जन्मरहस्य सांगून सबंध राज्य त्याच्यापुढे ठेवतो. यात सैन्याचा धाक नाही, अक्षौहिणींचा उल्लेखही नाही. एका माणसाला त्याच्या भावांकडे बोलावणे एवढेच आहे. कर्ण नाही म्हणतो, आणि हे बोलणे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस अशी विनंती करतो, कारण कळले तर तो राज्य घेणार नाही. तेव्हा तोच कृष्ण, नुकताच तहाचा दूत असलेला, भीष्मद्रोणांसाठी निरोप देतो. महिना चांगला आहे, चारा आणि जळण सहज मिळते, चिखल नाही, माश्या थोड्या, पाणी गोड. सात दिवसांनी अमावास्या आहे, त्या दिवशी सुरू करू.