उसंत

सीपीआरचा, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचा, सराव रस घेऊन पाहावा असं म्हटलं, तर कूपर रुग्णालयातला रात्रपाळी उरकून आलेला रेसिडेंट हसेल. जुहूच्या या पालिका रुग्णालयाला जोडून २०१५ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत जीवरक्षक कौशल्यांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. म्हणजे त्याच्या लेखी ही हजेरीची बाब. मला मात्र त्यात बघण्यासारखं पुष्कळ दिसतं.

आधी सरावाच्या पुतळ्याचा चेहरा. मिटलेले डोळे, ओठांवर पुसट हसू. नॉर्वेतले खेळणी बनवणारे ओस्मुंड लेर्डाल यांनी १९६० साली ही ‘ॲनी’ घडवली. चेहरा एका अनामिकेच्या मुखवट्यावरून घेतला. पॅरिसच्या सीन नदीत त्या अनामिकेचा मृतदेह सापडला होता म्हणे. ॲनीला हाक मारतानाच अर्धे रेसिडेंट अडखळतात. ‘ॲनी, आर यू ओके?’ हे पाठांतरासारखं वाजतं. तोच मुलगा वॉर्डात ‘अहो काका, डोळे उघडा’ म्हणतो, तेव्हा आवाजात जीव असतो. ॲनीला खुशाल मावशी म्हणू द्यावं.

खरी कला तळहातात. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर मनगटालगतचा भाग टेकवायचा, कोपरं ताठ, खांदे थेट हातांवर, जोर कमरेतून. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, गती मिनिटाला १०० ते १२०. ३० दाब, मग २ श्वास. हे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत आटोपतात. घाटकोपरला लोकल थांबते, जेमतेम तेवढ्यात.

नवखा दाबतो झकास, पण सोडत नाही. पुढच्या दाबाच्या घाईत हात छातीवर रेलूनच राहतो. छाती पुरती वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही. खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पोचतं तेही मुख्यतः या उसंतीतच. लोहाराचा भाता पुरता उघडलाच नाही, तर वारा येणार कुठून? म्हणून मुरलेल्या हाताची ओळख दाबण्यात नाही, सोडण्यात आहे. हात जागा सोडत नाही, भार मात्र सोडतो. हे ज्याला साधलं त्याचं काम पाहत राहावं.

काही बारकावे पुतळा शिकवत नाही. तो बहुधा जमिनीवर असतो, पेशंट गादीवर. गादी दबते, छाती नाही. म्हणून पाठीखाली फळी सरकवावी लागते. बुटक्या डॉक्टरला स्टूल हवं. ते वेळेवर आणून ठेवणाऱ्या वॉर्डातल्या मावशींना प्रमाणपत्र कुणी देत नाही, हा आपला करंटेपणा.

संवादही ऐकण्याजोगा. ‘ॲड्रेनालीन १ मिलिग्रॅम.’ ‘१ मिलिग्रॅम, दिलं.’ ऐकलेलं उलट सांगायचं. एरवी ‘हो सर’वर भागवणारी ज्युनिअर इथं सरांना मोठ्यानं सांगू शकते, ‘सर, दोन मिनिटं झाली, हात बदला.’ ते गरजेचंच, कारण दाबणाऱ्याला आपण दमलो हे उशिरा कळतं. दाब त्याआधीच उथळ होतो.

असा सराव बघायची संधी मिळालीच, तर दाबणाऱ्याच्या घामाकडे बघू नका. पुतळ्याची छाती पुरती वर येते का, तेवढं बघा.