देव जिथे पंगतीला जातात

'इलियड'च्या पहिल्याच सर्गात अकिलीजला आईकडून कळतं, की झ्यूसकडे दाद मागायची तर थांबावं लागेल. तो महासागराकाठच्या एथिओपियनांकडे पंगतीला गेलाय, बाराव्या दिवशी परतेल. 'ओडिसी' उघडली की पोसायडनही त्यांच्याचकडे गेलेला. तेवढ्यात बाकीचे देव ओडिसियसच्या सुटकेचा विषय काढून घेतात. आता बघा, हा देश गोष्टीत येतो कशासाठी? देवाला चार दिवस बाहेर पाठवायला!

हा एथिओपिया आजच्या नकाशावरचा नव्हे, बरं का. शब्दाचा अर्थ 'भाजलेल्या चेहऱ्यांचे', आणि होमर त्यांना पृथ्वीच्या दोन टोकांना वसवतो: काही सूर्य उगवतो तिथे, काही मावळतो तिथे. तो त्यांना 'निष्कलंक' म्हणतो. ग्रीकांना वर्णद्वेष नव्हता याचा हा पुरावा म्हणून पुष्कळदा दाखवतात. आम्हांला ही घाई वाटते. अपमान नाही, कबूल. पण त्या पंगतीतल्या एकाही यजमानाला नाव नाही, कुणी तोंडही उघडत नाही.

नाव मिळतं मेम्नॉनला. पहाटदेवी एऑसचा मुलगा, एथिओपियनांचा राजा. ट्रॉयच्या मदतीला येतो आणि अकिलीजच्या हातून मरतो. ते महाकाव्य हरवलं, चित्रं उरली. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. सहाव्या शतकातला, एक्सेकियसचा मानला जाणारा कुंभ आहे. त्यावर मेम्नॉनचे दोन सेवक आहेत, नाकाओठांची ठेवण स्पष्ट आफ्रिकी. आणि मधला राजा? थेट ग्रीक योद्धा. म्हणजे चित्रकाराला तो चेहरा काढता येत होता, नायकाला मात्र दिला नाही. 'निष्कलंक' या कौतुकाची हद्द आम्हांला इथे दिसते.

हिरोडोटस एलेफंटाइनपर्यंतच गेला होता, पुढचं सगळं ऐकीव. पण त्याचा एथिओपियन राजा निदान बोलतो. पर्शियाच्या कँबिसीसचे दूत हेर आहेत हे तो ओळखतो, भलंमोठं धनुष्य पुढे करतो आणि असलं सहज ओढता येईल तेव्हाच चालून या, असं सुनावतो. पर्शियाशी लढलेल्या ग्रीकांना गुदगुल्याच झाल्या असतील. इथे राजाच्या तोंडून ग्रीकच बोलतोय, असा संशय येतो खरा. पण मग गव्हाचा विषय निघतो. पर्शियन काय खातात हे ऐकून राजा म्हणतो, शेण खाणारी माणसं कमी जगली तर नवल कसलं. गव्हाची भाकरी तर ग्रीकही खात होते.