‘आभासी चाचणी’ या संज्ञेविषयी

मोटारीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांची परीक्षा संगणकनिर्मित परिस्थितीत घेतात, तिला ‘आभासी चाचणी’ म्हणण्याचा प्रघात पडू पाहत आहे. संज्ञा सुटसुटीत आहे. परंतु ती सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या पद्धतीत नियंत्रक खराच असतो. फक्त त्याच्या तारा मोटारीऐवजी संगणकाला जोडलेल्या असतात. चाकांची गती, इंजिनाचे तापमान, ब्रेकमधील दाब यांचे विद्युत्संकेत संगणक गणिताने निर्माण करतो, आणि नियंत्रकाकडून येणाऱ्या आज्ञेनुसार पुढचे संकेत बदलतो. हे चक्र पुष्कळदा मिलिसेकंदाच्या आत पुरे व्हावे लागते. गणित मागे पडले की चाचणी व्यर्थ. बर्फावर घसरणारी मोटार अशा रीतीने खोलीत बसून हजार वेळा घसरविता येते. म्हणजे येथे आभास आहे तो जगाचा, चाचणीचा नव्हे. विशेषण भलत्याच विशेष्यास जाऊन चिकटले आहे.

हा शब्दच्छल नव्हे. जग कृत्रिम आहे असे म्हटले की लगेच प्रश्न उठतो: ते कृत्रिम आहे हे परीक्षार्थ्यास ओळखता येते काय? रूढ संज्ञा हा प्रश्नच झाकून टाकते. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींचे प्रकरण येथे आठवावे. त्यांची चाचणी प्रयोगशाळेतील फिरत्या रुळांवर झाली होती, संगणकाच्या खोलीत नव्हे. पण रस्ता तेथेही कृत्रिमच होता. सुकाणूचक्राची स्थिती, वेग, इंजिन चालल्याचा काल, हवेचा दाब यांवरून नियंत्रकातील आज्ञावली चाचणी ओळखी व तेवढ्यापुरती सोवळी होई. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मापनयंत्रे मोटारीतच ठेवून खऱ्या रस्त्यावर मोजमापे घेतली, त्यांचा अहवाल 2014 साली आला. 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेल्या नोटिशीत नायट्रोजन ऑक्साइडांचे उत्सर्जन मर्यादेच्या 40 पटींपर्यंत असल्याचे नमूद आहे.

भाषाभ्यासकास हे नवे वाटू नये. ध्वनिमुद्रणयंत्र समोर ठेवताच खेड्यातील निवेदक ‘पानी’चे ‘पाणी’ करतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांस आहे. विल्यम लबोव्ह यांनी या अडचणीस ‘निरीक्षकाचा विरोधाभास’ म्हटले. फरक इतकाच की निवेदक संकोचाने बदलतो, आणि त्या आज्ञावलीस कोणीतरी बदलावयास शिकविले होते.

‘कृत्रिम-परिसर चाचणी’ ही पर्यायी संज्ञा सुचवावीशी वाटते. उच्चारास ती जड आहे, हे मान्य. परंतु ‘परिसर’ हा शब्द तीत असल्यामुळे तो परिसर कोणी रचला आणि त्यात काय गाळले, हे विचारण्यास जागा राहते.