पोस्टरातली मोटार आणि विटांवरची बस

मागच्या महिन्यातल्या बैठकीत आपल्या एका तरुण सभासदाने दुसऱ्या महायुद्धातली पोस्टरं पडद्यावर दाखवली. कार्यक्रम रंगला. सर्वांत जास्त दाद मिळाली ती 1943 सालच्या एका अमेरिकन सरकारी पोस्टरला. चित्रकार वायमर पर्सेल. सुटाबुटातला एक गृहस्थ उघड्या मोटारीतून एकटाच चाललाय आणि शेजारच्या सीटवर हिटलरची आकृती, नुसत्या पांढऱ्या रेषांत, भुतासारखी. मजकुराचा भावार्थ असा की एकटे गाडी काढाल तर हिटलरला सोबत घेऊन जाल, तेव्हा आजच चौघांत मिळून गाडी वापरायला लागा.

चर्चेत सगळ्यांनी एकच अर्थ लावला: पेट्रोल वाचवा. मीही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र ते खटकत राहिलं, कारण मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पिथमपूरला नोकरीची बरीच वर्षं गाड्यांच्या संगतीत काढली आहेत आणि मोटारीला पेट्रोलशिवाय आणखी काय लागतं हे मला इतरांपेक्षा आधी सुचायला हवं होतं. ते न सुचल्याची किंमत मी एकदा दुसऱ्या कुणाला मोजायला लावली आहे. ते पुढे येईलच.

आधी पोस्टर. चित्र म्हणून ते अव्वल आहे, वाद नाही. एका नजरेत समजतं, हसू येतं आणि लगेच थोडी लाजही वाटते. पण कारण सांगायच्या बाबतीत ते लबाडी करतं. 8 डिसेंबर 1941 ला जपानी फौजा मलायात कोटा भारूला उतरल्या, 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये जावा गेलं. जगातल्या नैसर्गिक रबराचा सुमारे 90 टक्के पुरवठा तीन-साडेतीन महिन्यांत शत्रूच्या हातात. अमेरिकेत रेशनवर सर्वांत आधी आली ती वस्तू टायर, जानेवारी 1942 मध्ये. साखर आणि कॉफी नंतर. तिथे पेट्रोलच्या विहिरी भरपूर होत्या, तरी 1 डिसेंबर 1942 पासून देशभर पेट्रोलचं रेशनिंग लावलं गेलं. ते मुख्यतः टायर वाचवण्यासाठी. माणसाला पेट्रोल कमी दिलं की तो गाडी कमी फिरवतो, गाडी कमी फिरली की रबर कमी झिजतं, एवढा सरळ हिशोब. बर्नार्ड बरूक यांच्या समितीने सप्टेंबरमध्ये हेच सुचवलं होतं, आणि त्यासोबत ताशी 35 मैलांची वेगमर्यादा. एका मोटारीमागे पाचच टायर ठेवायचे, जास्तीचे सरकारजमा करायचे, असाही नियम झाला.

म्हणजे रबर नेलं जपानने आणि शेजारी बसवला हिटलर! इथे जरा न्यायानेही बोलायला हवं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 1942 मध्ये जर्मन पाणबुड्यांनी तेलवाहू जहाजं बुडवली होती, त्यामुळे तिकडच्या माणसाला पेट्रोल आणि हिटलर यांचा संबंध खरोखरच होता. तरीही टेक्सासमधल्या, घराजवळ विहिरी असलेल्या माणसाला हे पोस्टर खरं कारण सांगत नाही. टायरचं चित्र काढून कुणाला लाज वाटत नसावी, म्हणून भूत काढलं. जाहिरात म्हणून ते चाललं. पण ऐंशी वर्षांनी आपण ते पुरावा म्हणून दाखवतो, तेव्हा त्या लबाडीचे आपणही वाटेकरी होतो.

आता आपल्याकडे. मनावरला तेव्हा रेल्वे नव्हती, आजही नाही. आगगाडी गाठायची तर विंध्याचा घाट चढून महूला. धार, शिंदे, होळकर आणि बडवानी यांच्या हद्दी या निमाडात अशा गुंतल्या होत्या की चार कोसांत राज्य बदलायचं. रस्ता खडी-मुरमाचा. त्यावर बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी पाडलेल्या चाकोऱ्या, आणि त्या चाकोऱ्यांच्या कडांवर मोटारीचा टायर दोन्ही अंगांनी घासायचा. उन्हाळ्यात पारा 44-45 वर. अशा रस्त्यावर ताशी 35 मैलांचा कायदा करायची गरजच नव्हती, तो आधीपासून पाळला जात होता.

त्या वेळचा टायर आजच्यासारखा नव्हता, हेही सांगायला हवं. आत सुती दोऱ्यांचे थर, त्यावर रबर, पोटात ट्यूब. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते, दुमडली की तापते, तापली की सूत कुजल्यासारखं कमजोर होतं. वरून नक्षी शाबूत दिसते आणि आतून टायर मेलेला असतो. म्हणून टायर वाचवणं म्हणजे मुळात हवा राखणं आणि ओझं कमी करणं. चिरलेल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर लावायचा. पुढचे टायर मागे, मागचे पुढे करायचे. काढून ठेवलेल्या ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावून अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर आंस विटांवर किंवा ठोकळ्यांवर टेकवून चाकं मोकळी करायची. जुने मिस्त्री हे सगळं करत, आणि त्यातलं बरंचसं मी त्यांच्याकडूनच शिकलो, कॉलेजात नाही.

युद्धकाळावर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात यातलं काही सापडत नाही. स्मरणिका घ्या, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक घ्या, आपल्याच मंडळाचे जुने लेख घ्या. प्रत्येकात कोळशाची बस असतेच. मागे लोखंडी पिंप, त्यात कोळसा, क्लीनर हातपंखा फिरवतोय, घाटात उतारू उतरून धक्का मारतायत, सगळ्यांचे कपडे काळे. किस्सा गोड आहे आणि खराही आहे. पण तो सांगून झाला की लेखकाला वाटतं, टंचाई सांगून झाली. प्रत्यक्षात कोळशाची बस हा टंचाईवरचा तोडगा होता. पेट्रोल नसेल तर सातपुड्याचं जंगल होतं, कोळसा होता, त्याच्या अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन निघायचा, आणि इंजिन कुरकुरत का होईना चालायचं. ताकद बरीच घटायची, म्हणून धक्का. टायरला असा कुठलाही जंगली पर्याय नव्हता. उलट ते पिंप, गाळणी, नळ्या आणि भरलेला कोळसा मिळून शंभर किलोंच्या वर ओझं गाडीवर चढायचं, म्हणजे अखेरीस त्याच टायरांवर, जे बाजारात मिळत नव्हते. पेट्रोलचा प्रश्न सोडवताना टायरचा प्रश्न वाढत होता. हे एका तरी लेखात आलंय का? मी शोधलं. नाही आलं. माझ्या लेखात तर नाहीच.

हिंदुस्थानात टायर बनत नव्हते असंही नाही. हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना 1936 पासून होता. रबराचे मळे त्रावणकोरकडे होते, आणि 1942 मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी सरकारने इंडियन रबर प्रॉडक्शन बोर्ड काढलं, त्यातूनच पुढे आजचं रबर बोर्ड झालं. पण ब्रह्मदेशची आघाडी पेटल्यावर पूर्वेकडच्या लष्करी लॉऱ्यांची भूक आधी भागवायची होती. निमाडातल्या खासगी बसचा नंबर रांगेत कुठे लागणार?

रबराच्या इतिहासावर अलीकडचं मोठं पुस्तक म्हणजे जॉन टली यांचं ‘द डेव्हिल्स मिल्क’, 2011 चं. मला ते मनापासून आवडलं. काँगो आणि पुतुमायोचे अत्याचार, मलायातले तमीळ मजूर, अ‍ॅक्रनचे कामगार, ऑश्विट्झजवळ कृत्रिम रबरासाठी राबवलेले कैदी, हे सगळं एका धाग्यात ओवणं सोपं नाही. माझी तक्रार एवढीच की टलींचं लक्ष रबर काढणाऱ्यावर आणि घडवणाऱ्यावर आहे, वापरणाऱ्यावर जवळजवळ नाही. मळा आणि कारखाना दिसतो, रस्ता दिसत नाही. ते लेखकाने जाणूनबुजून घेतलेलं माप आहे, त्याला मी दोष देत नाही. उरलेलं माप घ्यायचं काम आपल्यासारख्यांचं आहे, आणि ते आपण पोस्टरं आणि किस्से यांत घालवतोय.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी या मंडळासाठी मी मनावर परिसरातल्या मोटार वाहतुकीवर एक निबंध वाचला. त्यात माझ्या आजीने सांगितलेली हकीकत घातली. तिच्या धाकट्या बहिणीला बाळंतपणात त्रास झाला, महूला न्यायचं होतं, गावातल्या बसमालकाने नाही म्हटलं. बैलगाडीने निघाले, घाटाखालीच ती गेली. साल 1943, पावसाळ्यानंतर. आमच्या घरात यावर एकच वाक्य चालत आलं: पेट्रोल होतं, काळ्या बाजारात विकलं. मी ते वाक्य मालकाचं नाव न घेता, पण ओळखू येईल अशा बेताने लिहिलं. टाळ्याही पडल्या.

निबंधानंतर दोन वर्षांनी त्या मालकाचे नातू मला भेटायला आले. वयाने माझ्याहून मोठे. भांडले नाहीत. पिशवीतून लाल बासनातली एक वही काढली, म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हालाच वाचता येईल.” संवत 2000 ची वही, म्हणजे 1943-44. पहिल्या पानांत पेट्रोल नाहीच, कोळसा आहे. पोत्यांच्या हिशोबाने कोळसा, मग सोल्यूशन, गेटर, पुन्हा गेटर, एक जुनी ट्यूब, पुन्हा सोल्यूशन. टायरच्या परमिटासाठी धारला जाण्याचा खर्च तीनदा. तिन्हीपुढे टायरच्या खरेदीची रक्कम नाही. श्रावणानंतर एक ओळ: विटा, मजुरी. त्यापुढे त्या गाडीच्या नावावर काहीच नाही, कोळसासुद्धा नाही.

विटा आणि मजुरी. घर बांधायचं असतं तर चुना असता, गवंडी असता. मी नातवंडांना विचारलं, बस कुठे उभी असायची? ते म्हणाले, वाड्याच्या मागे, आम्ही लहानपणी तिच्या खाली लपायचो, चाकं नव्हती तिला.

एका वहीवरून मालक संत ठरत नाही. तेव्हा काळा बाजार सगळीकडे होता, आणि त्यांनी कधी काही विकलंच नसेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ज्या दिवशी माझ्या आजीचा भाऊ त्यांच्या दारात उभा होता त्या दिवशी गाडी विटांवर होती, याबद्दल मला आता शंका नाही. चाक नसलेल्या बसला पेट्रोल घालून काय होणार होतं? आजोबांनी त्या वेळी कारण सांगितलं असेलही. दुःखात कुणी ऐकलं नसेल. किंवा टायर हे कारण त्यांना पटण्यासारखं वाटलं नसेल, जसं ऐंशी वर्षांनी मला सुचलं नाही.

मागच्या बैठकीतल्या त्या तरुण सभासदाला मी फोन करून सांगितलं की पोस्टर पुन्हा दाखव, पण त्याआधी एक बाद झालेला टायर आडवा चिरून टेबलावर ठेव, लोकांना हात लावू दे. आत नायलॉन निघेल, सूत नाही, तेवढा फरक तोंडी सांग. तो तयार आहे. माझा जुना निबंध संकेतस्थळावर तसाच राहील, फक्त त्या परिच्छेदाखाली ही हकीकत जोडली जाईल. नातवंडांनी वहीची छायाचित्रं घ्यायला परवानगी दिली आहे, नाव मात्र नको म्हणाले. आजीच्या बाजूच्या नातेवाइकांना मी अजून सांगायचंय. त्यातल्या सर्वांत मोठ्या मावशी ब्याण्णव वर्षांच्या आहेत आणि त्या दिवशीच्या बैलगाडीत त्या होत्या.