वृश्चिकेचा चंद्र : राशिफलाच्या भाषेचा विचार

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका हा कापसाचा मुलूख. पांढरकवडा हे त्याचे मुख्य ठाणे, आणि दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. या भागातील शेतकरी पेरणीसाठी मृग नक्षत्राची वाट पाहतो आणि घरात सोयरीक निघाली की मुलामुलीची रास विचारतो. दोन्ही प्रसंगी आधार पंचांगाचाच. पण मृग हे सूर्याचे नक्षत्र आहे आणि लग्नात विचारली जाणारी रास चंद्राची. एकाच घरात, एकाच पुस्तकाच्या आधारे, दोन भिन्न ज्योतींना दोन भिन्न कामे नेमून दिलेली आहेत. या दोन कामांची योग्यता सारखी आहे काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. विवेचन आटोपशीर व्हावे म्हणून चंद्राचे एकच स्थान येथे निवडले आहे, ते म्हणजे वृश्चिक रास. फलज्योतिषात चंद्र या राशीत नीच मानला जातो, आणि म्हणून राशिफलाच्या भाषेचे गुणदोष येथे विशेष ठळकपणे दिसतात.

प्रथम गणिताची बाजू पाहू. चंद्र सुमारे २७.३ दिवसांत राशिचक्राची एक फेरी पुरी करतो; म्हणजे एका राशीत त्याचा मुक्काम सरासरी सव्वादोन दिवसांचा. वृश्चिक राशीत विशाखेचा चौथा चरण, अनुराधा आणि ज्येष्ठा अशी सव्वादोन नक्षत्रे येतात. यावरून स्थूलमानाने दर बारा माणसांत एक वृश्चिक राशीचा निघेल. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सत्तावीस लाखांवर होती. त्या हिशेबाने एकट्या या जिल्ह्यात सव्वादोन लाखांवर माणसे नीच चंद्राची ठरतात. एवढ्या माणसांचा एक स्वभाव सांगणे हे मुळातच धाडसाचे काम आहे.

मग आपल्याकडे चंद्रराशीलाच एवढे महत्त्व का आले? चंद्र हा मनाचा कारक आहे, हे याचे नेहमीचे उत्तर. त्याला पुरुषसूक्ताचा आधार दिला जातो. परंतु सूक्तातील कल्पना नेमकी उलट आहे: तेथे विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र झाला असे म्हटले आहे, चंद्रापासून माणसाचे मन घडते, असे नव्हे. खरे कारण बहुधा याहून साधे असावे. लग्नराशी सुमारे दोन तासांनी बदलते, आणि ती स्थळावरही अवलंबून असते. केळापुरात मुंबईच्या मानाने सूर्य वीस मिनिटांहून अधिक आधी उगवतो. तेव्हा मुंबईचे लग्न केळापूरला जसेच्या तसे लागू पडत नाही. चंद्राच्या राशिप्रवेशाचा क्षण मात्र सगळ्या देशाला घड्याळाप्रमाणे एकच. ज्या घरात घड्याळ नव्हते, ‘दिवे लागणीच्या सुमारास’ एवढीच जन्मवेळ ठाऊक होती, तेथे लग्न अनिश्चित राहिले तरी चंद्ररास बहुधा निश्चित सांगता येत असे. चंद्रराशीची लोकप्रियता ही अशी तिच्या सोयीतून आलेली दिसते. सोय हा गुण खरा. पण सोयीवरून अर्थाची सत्यता सिद्ध होत नाही.

ही निश्चितीही पुरती नाही. अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख असते, हे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. ती पुष्कळदा अंदाजाने लिहिलेली असते. अशा वेळी नावावरून रास काढतात. अवकहडा चक्रात वृश्चिकेस तो, ना, नी, नू, ने, नो, या, यी, यू ही अक्षरे दिली आहेत. मुळात जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर ठरावे अशी ही योजना. परंतु आजोबांचे म्हणून ‘नारायण’ किंवा ‘यशवंत’ हे नाव ठेवले आणि पुढे त्या नावावरून वृश्चिक रास काढली, तर अनुमानाची दिशाच उलटी होते. त्या राशीचा आकाशातील चंद्राशी काही संबंध उरत नाही. तिचा संबंध आजोबांशी असतो. शिवाय हेच चक्र आर्द्रेला ङ आणि हस्ताला ण देते, आणि या वर्णांनी आरंभ होणारे नाव मराठीत सापडणे कठीण. ज्या तालुक्यात मराठीबरोबर गोंडी व कोलामी याही भाषा नांदतात, तेथे या वर्णव्यवस्थेचा अपुरेपणा अधिकच जाणवतो.

आता फलिताच्या मूळ शब्दांकडे वळू. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहज्जातकात चंद्राची राशिपरत्वे फले सांगितली आहेत. वृश्चिकेच्या चंद्राविषयी तेथे जे म्हटले आहे त्याचा आशय असा: डोळे व छाती रुंद, मांड्या-पोटऱ्या-गुडघे वाटोळे, पिता व गुरू यांचा वियोग, बालपणी आजार, राजकुलात मान, पिंगट वर्ण, क्रूर वर्तन, अंगावर मासा, वज्र व पक्षी यांची चिन्हे, आणि झाकलेले पाप. हे वर्णन प्रामुख्याने शरीराचे व नशिबाचे आहे. मनाचे त्यात फार थोडे आहे. शिवाय प्रकरणाच्या शेवटी ग्रंथकाराने एक अट घातली आहे: चंद्र, ती राशी व राशीचा स्वामी ही तिन्ही बलवान असतील तरच सांगितलेली फले पूर्णत्वाने मिळतात. आता नीच राशीतील चंद्राला बलवान कसे म्हणावे? म्हणजे ग्रंथाच्या अटीप्रमाणेच वृश्चिकेच्या चंद्राचे हे फळ उणावते. प्रचलित राशिफलांनी ही अट गाळून टाकली आणि विधाने तेवढी ठेवली.

केवळ ठेवली असे नाही, तर बदललीही. आजच्या राशिवर्णनांत वृश्चिकेचा माणूस ‘गूढ’, ‘तीव्र भावनांचा’, ‘सूड न विसरणारा’ असा आढळतो. हे चित्र बृहज्जातकातील रुंद छातीच्या, पिंगट माणसाचे नाही. पाश्चात्त्य ज्योतिषात सूर्यराशीवरून स्वभाव सांगण्याची वृत्तपत्रीय रीत १९३० नंतर फोफावली; त्याच वर्षी प्लूटोचा शोध लागला आणि पुढे तेथील ज्योतिषांनी त्याला वृश्चिकेचे स्वामित्व दिले. मृत्यू, गूढ, पुनर्जन्म या कल्पना या मार्गाने राशीला चिकटल्या. तेव्हा मराठी वाचक ज्याला आपल्या परंपरेतील चंद्राचे फळ समजतो ते बऱ्याच अंशी परक्या परंपरेतील सूर्याचे फळ असते. येथे परक्याविषयी तक्रार नाही. राशींची कल्पनाच देवाणघेवाणीतून आलेली आहे: वराहमिहिर वृश्चिकेला ‘कौर्प्य’ असेही म्हणतो आणि तो शब्द ग्रीकांकडून आलेला आहे. तक्रार एवढीच, की उसनवारी न सांगता तिला परंपरेचा अधिकार दिला जातो.

आता ‘नीच’ या शब्दाकडे पाहू. चंद्राचे परमोच्च स्थान वृषभेच्या तिसऱ्या अंशावर मानले आहे आणि परमनीच स्थान त्याच्या बरोबर समोर, वृश्चिकेच्या तिसऱ्या अंशावर. म्हणजे हे एक मोजमाप आहे. परमनीच अंश विशाखेच्या चौथ्या चरणात पडतो. ज्येष्ठेतील चंद्र त्यापासून चौदा ते सत्तावीस अंश दूर असतो, तरी त्यालाही सरसकट नीच म्हणतात. अंतराशीही या शब्दाचा मेळ नाही. चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ६३ हजार ते ४ लाख ५ हजार किलोमीटर या मर्यादेत जवळ-दूर होतो. पण त्याच्या कक्षेचा दूरबिंदू स्वतः सुमारे नऊ वर्षांत राशिचक्र फिरतो, त्यामुळे वृश्चिकेतील चंद्र कधी जवळ असतो, कधी दूर. तेजाचेही तसेच. ज्येष्ठ महिन्याला ते नाव मिळाले कारण त्याच्या पौर्णिमेचा चंद्र ज्येष्ठा नक्षत्राच्या आसपास असतो. वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकांच्या माथ्यावर वटपौर्णिमेला पूर्ण तेजाने उगवणारा चंद्र अशा रीतीने कित्येकदा ‘नीच’ असतो! मराठीत मात्र ‘नीच’ ही शिवी आहे. ज्या समाजाने उच्च-नीच या जोडीने माणसे मोजली, त्यात गणिती संज्ञा स्थानावरून माणसावर उतरावयास वेळ लागला नाही. राशिफलाच्या भाषेचा सर्वांत मोठा अपराध मला हाच वाटतो.

गणिताच्या पक्षभेदाने प्रश्न अधिक बिकट होतो. व्यंकटेश बापूजी केतकरांनी पुरस्कारिलेला चित्रापक्ष आणि लोकमान्य टिळकांच्या नावाने चालणाऱ्या पंचांगाचा रेवतीपक्ष यांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. चंद्राला चार अंश चालावयास सात तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून तुळेच्या सत्ताविसाव्या अंशावरचा चंद्र एका पंचांगात तुळेचा, तर दुसऱ्यात वृश्चिकेचा ठरतो. तीस अंशांपैकी चार, म्हणजे शंभरांत तेरा जन्मांच्या राशी या भेदाने बदलतात. विसाजी रघुनाथ लेले, शंकर बाळकृष्ण दीक्षित आदींनी उचललेला सायनपक्ष धरला तर पाचांपैकी सुमारे चार जन्मांच्या राशी पालटतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग-सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात धार्मिक तिथि-नक्षत्रांसाठी एक अयनांश सुचवून व्यवहारापुरती एकवाक्यता आणण्याचा यत्न केला. पण एकमताने ठरलेला अंश म्हणजे शोधून काढलेला अंश नव्हे.

यावर कोणी म्हणेल, ‘भाषेचे, गणिताचे दोष मान्य; पण अनुभव येतो त्याचे काय?’ आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर परीक्षेनेच दिले पाहिजे. १९४८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी विद्यार्थ्यांना स्वभाववर्णने दिली आणि ती किती जुळतात ते पाचांपैकी गुण देऊन सांगावयास लावले. सरासरी ४.२६ गुण मिळाले; आणि वर्णन सर्वांना एकच दिलेले होते! आपल्याकडे २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात चाचणी घेतली. शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्यांतून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस देण्यात आल्या. २७ ज्योतिषांच्या उत्तरांत सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवूनही पन्नासाची अपेक्षा असते. ही चाचणी संपूर्ण कुंडलीची होती, एकट्या चंद्रराशीची नव्हे, हे खरे. परंतु संपूर्ण कुंडलीने जे साधले नाही ते तिच्या एका घराने साधेल असे म्हणणाऱ्यावर पुराव्याचा भार अधिकच पडतो.

हा वाद केवळ ग्रंथांचा असता तर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. विवाहाच्या गुणमेलनातील छत्तीसही गुण चंद्राच्या राशिनक्षत्रांवरून काढले जातात. लग्नराशीला किंवा इतर ग्रहांच्या स्थानांना त्यात जागा नाही. वृश्चिक आणि मिथुन यांचे मृत्युषडाष्टक. वृश्चिक आणि मेष यांचेही षडाष्टकच, पण राशिस्वामी एक म्हणून ते ‘प्रीती’चे. ज्येष्ठा नक्षत्राची वधू थोरल्या दिराला वाईट, अशीही समजूत आहे. सोयरीक मोडल्यावर वरपक्ष म्हणतो, ‘पत्रिका जुळत नाही’, आणि कारण विचारण्याची वाटच बंद होते. हुंड्याची, रंगाची, शिक्षणाची कारणे सांगावयास लाज वाटते. चंद्राचे कारण सांगावयास वाटत नाही. मुलगी मात्र अंदाजाच्या तारखेवरून, आजोबांच्या नावावरून, किंवा चार अंशांच्या पक्षभेदावरून ठरलेली रास जन्मभर वागवते.

आरंभीच्या शेतकऱ्याकडे परत येऊ. त्याचे मृग नक्षत्र हे सूर्याच्या स्थानाचे नाव आहे, आणि सूर्याचे स्थान व ऋतू यांचा संबंध खरा आहे. पाऊस वेळेवर आला नाही तर तो ‘मृग कोरडा गेला’ म्हणतो आणि पेरणी लांबवतो. म्हणजे दरसाल तो आपले पंचांग आभाळाशी ताडून पाहतो. चंद्रराशीच्या फळाला ही कसोटी कधीच लावली जात नाही. ते चुकले तरी ‘चंद्र कोरडा गेला’ असे कोणी म्हणत नाही. तात्पर्य, वृश्चिकेचा चंद्र हे आकाशातील एक स्थान आहे, आणि मोजण्यापुरता त्याचा अर्थ स्पष्ट आहे. त्यापलीकडचा अर्थ माणसांनी निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या ठिकाणांहून आणून भरला आहे. त्याचा इतिहास अवश्य अभ्यासावा. त्यावरून कोणाचे शील किंवा सौभाग्य मात्र ठरवू नये. केळापूरच्या शेतकऱ्याने मृगाला जो प्रश्न विचारला, तोच त्याने मुलीच्या राशीलाही विचारावा, एवढीच अपेक्षा.