मुक्या जनावराची क्षमा

शाळेत अलंकार शिकवताना चेतनगुणोक्ती आली, की नेहमीची उदाहरणे फळ्यावर येतात: नदी रुसते, झाड हसते, वारा गुजगोष्टी करतो. अचेतनाला चेतनाचे गुण चिकटवले, की हा अलंकार सिद्ध होतो. बैल मात्र या व्याख्येत बसत नाही, कारण तो मुळातच चेतन आहे. भूक, भय, जोडीदाराची सवय, चाबकाची धास्ती ही त्याला कोणा लेखकाकडून उसनी घ्यावी लागत नाहीत. म्हणून ललित लेखकाने जनावराला भावना द्याव्यात की देऊ नयेत, हा वाद मला फोल वाटतो. त्याच्या भावना कोठे संपतात आणि आपली सोय कोठे सुरू होते, हा खरा प्रश्न आहे.

‘म्हाताऱ्या बैलाचे आत्मवृत्त’ हा निबंध मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे. त्यातला बैल जन्मभर राबतो, पोळ्याला सजतो, थकल्यावर विकला जातो. आणि तरीही शेवटच्या ओळीत धन्याला आशीर्वाद देतो! मुलांना काय बोल लावावा? ही क्षमा त्यांनी थोरांकडूनच उचललेली असते. मुक्याच्या तोंडी क्षमेचे शब्द घातले, की आपले पाप परस्पर धुतले जाते.

प्रेमचंदांची ‘दो बैलों की कथा’ (1931) पाहा. हीरा आणि मोती कोंडवाड्याची भिंत शिंगांनी पाडू लागतात, ओळखीची वाट दिसताच घराकडे उधळतात, तेव्हा ते अस्सल बैल असतात. वाचताना आपल्याही अंगात बळ संचारते. पण त्यांना भाकरी भरवणाऱ्या पोरीला छळणाऱ्या सावत्र आईवर मोती चवताळतो, आणि हीरा त्याला बजावतो की बाईमाणसावर शिंग उगारणे वर्ज्य आहे. येथे बैल दिसेनासा होतो आणि त्याच्या कातड्यातून एक सज्जन गृहस्थ बोलू लागतो. कथा गोड राहते. पण बैलाला बैल म्हणून काय वाटले असेल, ही जिज्ञासा तेथे थांबते.

याआधी काही वर्षे शरच्चंद्रांनी ‘महेश’ लिहिली. तिच्यातला बैल एक शब्दही बोलत नाही. दुष्काळात तहानेने वेडा झालेला महेश अमीनाची घागर फोडतो आणि सांडलेले पाणी पिऊ लागतो. संतापलेला गफूर नांगराचे लाकूड त्याच्या डोक्यात घालतो. मरताना महेशच्या डोळ्यांतून चार थेंब ओघळतात. त्यांचा अर्थ लेखक सांगत नाही. बोलतो तो गफूर. ज्यांनी महेशला चारा-पाणी मिळू दिले नाही त्यांना कधीही क्षमा करू नकोस, असे तो अल्लाकडे मागतो आणि रातोरात मुलीला घेऊन गाव सोडतो. बैलाने कोणाला माफ केले नाही, म्हणूनच ही कथा आपल्यालाही सोडत नाही.

आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये (1982) हा संयम वानरांच्या बाबतीत पाळला. टोळी जिंकणारा नवा नर जुन्या नराची पिल्ले मारतो. सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडच्या रानात 1960 नंतरच्या काळात हेच टिपले होते. अशा ठिकाणी त्या नराला खलनायक करण्याचा मोह कोणत्याही कादंबरीकाराला होईल. माडगूळकर तो टाळतात. शीर्षक तेवढे माणसांच्या राजकारणातले ठेवतात आणि त्यातून काय घ्यायचे ते वाचकावर सोपवतात.

जनावराची वेदना लिहावी. ती खरी आहे. पण तिचा न्यायनिवाडा त्याच्या तोंडून वदवून घेऊ नये. तो माणसाने करायचा आहे, कारण दावे माणसाच्या हातात आहे.